न दिसणाऱ्या घावांची नोंद

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ मला नीट आठवते. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि त्याच संध्याकाळी रमजानचा चांद दिसायचा होता. आम्ही चार-पाच जण मांडवीच्या किनाऱ्यावर पश्चिमेकडे डोळे लावून उभे होतो. चांद दिसला, एकमेकांना मुबारकबाद दिली आणि तरावीहच्या तयारीसाठी घराकडे वळलो. तासाभरात सगळ्यांच्या मोबाइलवर एकच व्हिडिओ फिरायला लागला. विदर्भाच्या आकाशातून आगीच्या लांब रेघा सरकत चालल्या होत्या.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाचं एक धातूचं कडं येऊन पडलं. पुढच्या दिवसांत आसपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. नशिबाने कुणाला इजा झाली नाही. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र रात्रभर कल्लोळ होता. कुणाला ती कयामतची निशाणी वाटली, कुणाला शेजारच्या देशाचं मिसाइल. कुणी म्हणालं, शहाब-ए-साकिब, म्हणजे आपली उल्का. अभ्यासकांनी माग काढला तेव्हा कळलं, की फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या 'चँग चेंग ३बी' या चिनी रॉकेटचा तो तिसरा टप्पा होता. काम झाल्यावर वर्षभर तो वरच फिरत राहिला आणि शेवटी खाली आला.

अवकाशातला कचरा म्हटलं की महाराष्ट्रात आजही सिंदेवाहीचं कडं आठवतं. ते साहजिक आहे. जे मोठं असतं, आवाज करत पडतं, त्याची बातमी होते. पण खरी काळजी करायला हवी ती बातमी न होणाऱ्या तुकड्यांची. ते एवढे लहान असतात, की त्यांना ना डोळा पाहू शकतो ना रडार. आज लिहायचंय ते त्यांच्याबद्दल, आणि त्यांचा मार लागला हे यानाला कसं कळतं, त्याबद्दल.

मी विज्ञानाचा शिक्षक नाही. रत्नागिरीत उर्दू आणि मराठी शिकवतो. उर्दूत ज्याला 'जर्रा' म्हणतात आणि मराठीत 'कण', त्याची ताकद मला कवितेत शिकवता येत होती. अवकाशात हा जर्रा खरोखर काय करू शकतो, हे कळायला मात्र वेळ लागला.

आकडे असे आहेत. युरोपीय अवकाश संस्थेच्या अंदाजानुसार पृथ्वीभोवती १० सेंटिमीटरहून मोठे हजारो तुकडे आहेत. त्यांच्यावर जमिनीवरून नजर ठेवता येते. १ ते १० सेंटिमीटरचे तुकडे दहा लाखांच्या वर आहेत. १ मिलिमीटर ते १ सेंटिमीटरचे तुकडे १३ कोटींहून अधिक. जुन्या रॉकेटांचे स्फोट, उपग्रहांच्या टकरी, उडालेला रंग, इन्सुलेशनचे कपटे, असा हा सगळा संसार. शिवाय धूमकेतू आणि लघुग्रहांची नैसर्गिक धूळ वेगळीच.

आता वेग पाहा. अशा टकरीचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १० किलोमीटर धरतात. त्या वेगाने रत्नागिरीहून मुंबईला पोचायला अर्धा मिनिटच लागेल. बंदुकीची गोळी सेकंदाला साधारण एक किलोमीटर जाते. या वेगाने आलेला ॲल्युमिनिअमचा १ मिलिमीटरचा कण, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा, सुमारे ७० ज्यूल ऊर्जा घेऊन येतो. दुमजली घराच्या छपरावरून एक किलोचं वजन पायावर पडावं, तेवढा तो मार. तोच तुकडा १ सेंटिमीटरचा, म्हणजे छोट्या गोटीएवढा असेल, तर ऊर्जा हजारपट होते. एक टन वजनाची मोटार ताशी चाळीस किलोमीटरने येऊन आदळावी, तशी.

अंतराळ स्थानकाला पत्र्यांचं दुहेरी चिलखत असतं. पहिल्या पत्र्यावर कण फुटतो आणि त्याचा चुरा दुसरा पत्रा झेलतो. फ्रेड व्हिपल या खगोलशास्त्रज्ञाने ही कल्पना १९४७ मध्येच मांडली होती. साधारण १ सेंटिमीटरपर्यंतचा कण या चिलखताला झेपतो. पण खिडक्या, सौरपट्ट्या आणि थंडाव्याच्या नळ्या यांना सगळीकडे असं चिलखत घालता येत नाही.

तीन घटना सांगतो. २३ ऑगस्ट २०१६ रोजी युरोपच्या सेंटिनेल-१ए या उपग्रहाची वीज अचानक थोडी कमी झाली आणि त्याची दिशाही किंचित बदलली. काय झालं, ते कुणाला कळेना. त्यावर बसवलेले कॅमेरे खरं तर सौरपट्ट्या नीट उघडल्या की नाही, एवढंच पाहण्यासाठी होते. ते पुन्हा सुरू केले, तेव्हा एका पट्टीवर सुमारे ४० सेंटिमीटर रुंदीचा डाग दिसला. मारणारा कण काही मिलिमीटरचाच होता.

डिसेंबर २०२२ मध्ये अंतराळ स्थानकाला जोडलेल्या सोयूझ एमएस-२२ या यानातून थंडाव्याचा द्रव फवाऱ्यासारखा बाहेर पडू लागला. भोक एक मिलिमीटरहूनही लहान होतं. रशियन संस्थेने निष्कर्ष काढला, की सूक्ष्म उल्काकण लागला. त्या यानातून परतायचे तीन अंतराळवीर सहा महिन्यांसाठी गेले होते. ते सप्टेंबर २०२३ मध्ये, वर्षभरानंतर घरी आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये चीनच्या शेंझोऊ-२० यानाच्या खिडकीला तडे गेलेले आढळले. कचऱ्याचा कण लागल्याचा संशय होता, म्हणून तिथल्या तिघांना दुसऱ्या यानातून परत आणावं लागलं.

तिन्ही वेळा घाव कळला, तो परिणामावरून. वीज कमी झाली, द्रव गळला, काच तडकली, तेव्हा लक्ष गेलं. लागलं त्या क्षणी 'मला इथे, एवढं लागलं' असं सांगणारं यानावर काही नव्हतं.

सांगणारं असू शकतं का? आमच्या कोकणातल्या जुन्या घरात होतं. मे महिन्यात रात्री कौलांवर काही पडलं, की नानी अंथरुणातूनच सांगायची, "ही परसातली बिटकी." कधी म्हणायची, "ही नारळाची झावळी, सकाळी उचला." तिने पाहिलेलं काहीच नसायचं. आवाज केवढा, कोरडा की जड, घराच्या कुठल्या अंगाने आला, एवढ्यावरून ती पडलेल्या वस्तूचं वजन आणि जागा सांगायची. सकाळी जाऊन पाहिलं, की बहुतेक वेळा ती बरोबर निघायची.

यानावरचे सेन्सर हेच करतात. पहिला प्रकार आवाजाचा. पिझोइलेक्ट्रिक चकती थरथरली, की वीज निर्माण करते. गॅसच्या लायटरमधली ठिणगी याच गुणधर्माची. यानाच्या पत्र्यावर अशा तीन-चार चकत्या वेगवेगळ्या ठिकाणी चिकटवल्या, तर मार लागल्याची लाट प्रत्येकीपर्यंत वेगवेगळ्या क्षणी पोचते. त्या फरकावरून जागा काढता येते. दुसरा प्रकार बारीक तारांच्या जाळीचा. तार तुटली की प्रवाह थांबतो. किती तारा तुटल्या त्यावरून भोकाचा आकार कळतो. हे दोन्ही प्रकार नवे नाहीत. ३१ जानेवारी १९५८ रोजी उडालेल्या एक्सप्लोरर-१ या अमेरिकेच्या पहिल्याच उपग्रहावर सूक्ष्म उल्काकणांसाठी मायक्रोफोनही होता आणि तारांच्या जाळ्याही.

तिसरा प्रकार पीव्हीडीएफ नावाच्या प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याचा. त्यात विद्युतभार कायमचा बसवलेला असतो. कण भोक पाडून गेला, की तेवढ्या जागेतला भार नाहीसा होतो आणि विजेचा एक छोटा झटका नोंदवला जातो. चौथा प्रकार मला सर्वांत आवडतो. कण एवढ्या वेगाने आदळतो, की तो स्वतः आणि ज्यावर आदळला त्याचा थोडा भाग वाफ होऊन विद्युतभारित वायू बनतो. तो भार गोळा करून मोजला, की कणाचं वस्तुमान आणि वेग यांचा अंदाज येतो. म्हणजे जर्रा मरताना स्वतःची ओळख सांगून जातो.

मागे एकदा ऑफ पिरियडला मी हे आठवीच्या वर्गात करून पाहिलं. विज्ञानाच्या सरांनी बझरमधली दहा-वीस रुपयांची पिझो चकती दिली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला ती आतून चिकटवली आणि परिपाठाच्या स्पीकरला माइकच्या जागी जोडली. मुलांनी डोळे मिटायचे आणि डब्यावर काय पडलं ते ओळखायचं. हरभरा, मूग, मोहरी. दहा मिनिटांत मुलं मोहरीचे दाणेसुद्धा मोजू लागली. वर्गात एवढी शांतता मी व्याकरणाच्या तासाला कधी पाहिली नव्हती.

मग गडबड झाली. कुणी काही न टाकताच डबा करकरला. मागच्या बाकावरच्या मुलाने बाक सरकवला होता. एका मुलीने विचारलं, "सर, हा खोटी गवाही देतो. अवकाशात याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?" मला उत्तर माहीत नव्हतं. तिनेच थोडा विचार करून सांगितलं, "असाच दुसरा डबा टेबलाखाली ठेवायचा, ज्याच्यावर काहीच पडणार नाही. दोन्ही एकदम वाजले, तर बाक सरकलाय. एकच वाजला, तर दाणा पडलाय."

घरी येऊन वाचलं आणि थक्क झालो. जानेवारी २००६ मध्ये प्लूटोकडे निघालेल्या न्यू होरायझन्स यानावर धूळ मोजणारं एक उपकरण आहे. त्यात पीव्हीडीएफच्या चौदा पट्ट्या आहेत. बारा उघड्या आणि दोन मुद्दाम झाकलेल्या. झाकलेल्या पट्ट्यांना कण लागू शकत नाही, म्हणून यानाच्या स्वतःच्या थरथरीमुळे खोटे संकेत किती येतात, ते त्यांच्यावरून कळतं. हे उपकरण कोलोरॅडो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बनवलं. त्याला नाव दिलंय व्हेनेशिया बर्नी हिचं. १९३० मध्ये नव्या ग्रहाला 'प्लूटो' हे नाव सुचवलं, तेव्हा ती अकरा वर्षांची शाळकरी मुलगी होती. दुसऱ्या दिवशी वर्गात ही गोष्ट सांगितली, तेव्हा टेबलाखालचा डबा सुचवणारी पोरगी काही बोलली नाही. नुसती लाजली.

आता आपल्या देशाकडे येतो. १ जानेवारी २०२४ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी५८ उडालं. उपग्रह सोडून झाल्यावर रॉकेटचा चौथा टप्पा नुसता भटकत न ठेवता तो सुमारे ३५० किलोमीटर उंचीवर आणला आणि त्यालाच प्रयोगशाळा केलं. त्याचं नाव पोएम-३. त्यावर दहा उपकरणं होती. मुंबईच्या के. जे. सोमय्या तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांचं हौशी रेडिओचं उपकरण त्यातलंच. आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने बनवलेलं डेक्सही. डेक्सचं वजन तीन किलो, वीज लागते साडेचार वॅट, म्हणजे घरातल्या छोट्या एलईडी दिव्याएवढी. वर सांगितलेल्या चौथ्या प्रकाराने ते काम करतं. ९ फेब्रुवारीपर्यंत त्याने मोजमाप केलं आणि साधारण दर हजार सेकंदांनी एक कण नोंदवला. आमच्या शाळेच्या पस्तीस मिनिटांच्या एका तासिकेत दोन घाव. २१ मार्च २०२४ रोजी तो रॉकेटचा टप्पा वातावरणात येऊन संपला. मागे कचरा उरला नाही.

सिंदेवाहीचं कडं आणि पोएम-३ या दोन्ही गोष्टी रॉकेटच्या वापरून झालेल्या टप्प्यांच्याच. एक वर्षभर बेवारस फिरून कुणाच्या तरी गावात पडला. दुसऱ्याने शेवटच्या दिवसांत मोजमाप केलं आणि ठरवून निरोप घेतला. फरक यंत्रात फारसा नाही. तो जबाबदारीत आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या देशाने यापुढे अवकाशात पाठवायच्या प्रत्येक मोठ्या उपग्रहावर घाव नोंदवणारा छोटा सेन्सर बसवणं सक्तीचं करावं. गगनयान आणि २०३५ पर्यंत उभारायचं ठरलेलं भारतीय अंतराळ स्थानक यांवर तर तो हवाच, कारण तिथे माणसं असतील. आणि या नोंदी सर्वांना पाहायला खुल्या असाव्यात.

डेक्स मुख्यतः ग्रहांमधली नैसर्गिक धूळ मोजण्यासाठी होतं, हे मान्य. ३५० किलोमीटरवर कचराही तुलनेने कमी असतो, कारण तिथली विरळ हवा त्याला लवकर खाली ओढते. खरी गर्दी साधारण ७०० ते ९०० किलोमीटरच्या पट्ट्यात आहे. तिथे असे सेन्सर जायला हवेत. आणि हा पट्टा आम्हा रत्नागिरीकरांना वाटतो तेवढा परका नाही. समुद्राचा रंग पाहणारा ओशनसॅट उपग्रह सुमारे ७४० किलोमीटरवरून फिरतो. अशा उपग्रहांच्या माहितीवरून हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे, याचा सल्ला मच्छीमारांना देते. मिरकरवाड्याच्या बंदरातून होडी निघते, तेव्हा तिच्या डिझेलचा हिशेब कुठे तरी त्या उपग्रहाशी जोडलेला असतो. त्याला मोहरीएवढा कण लागला, तर नुकसान आमच्याच मोहल्ल्यात पोचतं.

यावर हरकती आहेत आणि त्या खऱ्या आहेत. उपग्रहात प्रत्येक ग्रॅमचा हिशेब असतो. कामाच्या यंत्राला सोडून नोंदवहीला जागा का द्यायची? शिवाय असे सेन्सर फसतातही. नासाने डिसेंबर २०१७ मध्ये अंतराळ स्थानकासाठी सुमारे एक चौरस मीटरचा असा सेन्सर पाठवला. तो दोन-तीन वर्षं चालायचा होता. सव्वीस दिवसांत बंद पडला. पण या अपयशातून मला उलटाच धडा दिसतो. एकच मोठं, महागडं यंत्र पाठवून त्याच्यावर सगळा भरवसा ठेवण्यापेक्षा शंभर ठिकाणी लहान, स्वस्त गवाह ठेवावेत. एक गप्प झाला, तरी बाकीचे बोलतील. आणि नोंदच नसेल, तर चिलखत किती जाड हवं हे ठरवणार कशावरून? जास्त जाड केलं तर वजन वाया, कमी केलं तर जीव धोक्यात.

दुसरी एक गोष्ट बोलायला अवघड आहे, तरी बोलतो. २७ मार्च २०१९ रोजी आपण क्षेपणास्त्राने आपलाच एक उपग्रह पाडला. उंची ३०० किलोमीटरच्या आत ठेवल्यामुळे बहुतेक तुकडे लवकर जळून गेले; पण काही तुकडे त्याहून बरेच वर फेकले गेले होते. चीनने २००७ मध्ये ८५० किलोमीटरच्या वर केलेली चाचणी फार वाईट होती. तिचे तीन हजारांहून अधिक तुकडे नोंदले गेले आणि त्यांतले कितीतरी आजही फिरताहेत. अमेरिका आणि रशिया यांनीही असंच केलं आहे. सिंदेवाहीच्या वेळी आपण चीनला नावं ठेवली, ती रास्तच होती. पण दुसऱ्याचं कडं मोजताना आपले तुकडे विसरणं ही प्रामाणिक गवाही नव्हे. २०३० पर्यंत आपल्या सर्व मोहिमा कचरामुक्त करण्याचं उद्दिष्ट भारताने जाहीर केलं आहे. चांगलं आहे. मात्र कचरा करणार नाही म्हणणाऱ्याने आधीच्या कचऱ्याचं मोजमापही अंगावर घ्यायला हवं.

शेवटी माझ्या वाचकांसाठी, विशेषतः आपल्या समाजातल्या पालकांसाठी एक शब्द. त्या २०२२ च्या संध्याकाळी चांद दिसल्याची गवाही आपण किती काटेकोरपणे घेतली. कुणी पाहिला, कुठून पाहिला, आणखी किती जणांनी पाहिला, सगळं विचारलं. तासाभराने आलेल्या व्हिडिओबद्दल मात्र यातलं काहीच विचारलं नाही. बोट लागलं आणि मेसेज पुढे गेला. तपासून घेण्याची सवय आपल्यात आहे. ती मुलांच्या विज्ञानापर्यंत पोचवायची आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागतेच असं नाही. पत्र्याचा डबा आणि दहा-वीस रुपयांची चकती पुरते.

आमचे ते दोन डबे अजून स्टाफरूमच्या कपाटावर आहेत. पावसाळ्यात खिडकीच्या छज्जावर एक उघडा आणि एक झाकून ठेवायचा, असं मुलांनी ठरवलंय. पहिल्या सरीचे थेंब मोजायचे आहेत. झाकलेला डबा किती वेळा उगाच वाजतो, त्याची वही त्या मुलीकडे दिली आहे.